परभणीत मेपल लावायचंय? ऑनलाइन बिया मागवण्याआधी गल्लीतला देशी बदाम बघा

ऑक्टोबर उजाडला की मोबाइलवर लाल-केशरी झाडांच्या फोटोंची रांग लागते. न्यू जर्सीतला आतेभाऊ, टोरांटोतली मैत्रीण, काश्मीर फिरून आलेलं शेजारचं जोडपं, सगळ्यांच्या स्टेटसला तीच झाडं. मग दोन-चार दिवसांत त्याच स्क्रीनवर जाहिरात येते: 'जॅपनीज मेपल, घरच्या घरी, बियांचं पाकीट'. पानं कधी लाल, कधी जांभळी आणि कधी चक्क निळी.

परभणीकरांना ही जाहिरात जरा जास्तच खरी वाटू शकते. कारण डिसेंबर-जानेवारीत राज्यातल्या सर्वांत थंड ठिकाणांच्या बातमीत परभणीचं नाव हमखास असतं. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा ५ अंशांच्या खाली गेल्याची नोंद काही हिवाळ्यांत झाली आहे. एवढी थंडी पडते, तर थंड प्रदेशातलं झाड इथे का येणार नाही?

थोडक्यात उत्तर: येणार नाही. पण लाल पानांचं झाड हवं असेल तर ते परभणीत आधीपासून आहे. शाळेच्या मैदानात, सरकारी क्वार्टरच्या आवारात, बसस्टँडच्या कोपऱ्यात. त्याच्याकडे आपण बहुतेक वेळा फक्त सावली आणि पालापाचोळा म्हणून बघतो.

थंडी आहे, मग मेपलला अडचण काय?

मेपलला थंडीचा आकडा पुरत नाही, थंडीचा काळ लागतो. जपानी मेपल म्हणजे एसर पाल्मेटम. जपान, कोरिया या भागातलं झाड. हिवाळ्यात ते पानं टाकून पूर्ण झोपी जातं आणि त्या झोपेत साधारण ० ते ७ अंशांच्या आसपासच्या थंडीचे शेकडो तास जमा झाल्याशिवाय त्याच्या कळ्या नीट फुटत नाहीत. परभणीत पारा ५ अंशांवर येतो तो पहाटे, काही तासांसाठी, मोजक्या दिवशी. त्याच दिवशी दुपारी स्वेटर काढून खुर्चीवर टाकावा लागतो. मोबाइल रोज पहाटे दहा मिनिटं चार्जिंगला लावला आणि दिवसभर वापरला तर बॅटरीचं जे होईल, तेच या झाडाच्या झोपेचं होतं.

दुसरी गोष्ट दिवसाच्या लांबीची. परभणी साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथला सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा. फरक सव्वादोन तासांचा. जपानमधलं क्योटो ३५ अंशांवर आहे. तिथे हाच फरक पावणेपाच तासांच्या घरात जातो. दिवस झपाट्याने लहान होणं ही अशा झाडांसाठी आवराआवर करण्याची सूचना असते. परभणीत ही सूचना फारच हळू आवाजात मिळते.

आणि खरी परीक्षा हिवाळ्यात नाहीच, ती एप्रिल-मेमध्ये आहे. पारा ४२ अंशांच्या पुढे, कोरडा गरम वारा आणि बोअरचं क्षारयुक्त पाणी. मेपलचं पान पातळ असतं. आधी त्याच्या कडा करपतात, मग पूर्ण पान. गच्चीवरच्या काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत मुळंही तापतात. भर म्हणून माती. मेपलला किंचित आम्लधर्मी, भुसभुशीत, पाण्याचा निचरा होणारी माती लागते. आपली काळी माती विम्लधर्मी, चुनखडीची आणि ओली झाली की पाणी धरून बसणारी. रोप एखादा पावसाळा हिरवं राहतं, त्यामुळे आशा वाढते. पण पुढचे एक-दोन उन्हाळे काढणं त्याला जमत नाही.

इथे एक रास्त प्रश्न येतो. महाराष्ट्रात काही शेतकऱ्यांनी सफरचंद लावलंय, मग मेपल का नाही? सफरचंदाचं एचआरएमएन-९९ हे वाण हिमाचलमध्ये कमी थंडीच्या भागासाठी मुद्दाम निवडलं गेलं. जाहिरातीत मिळणाऱ्या मेपलच्या रोपांची तशी निवड झालेली नसते. भारतात मेपलच्या जाती आहेत, पण त्या काश्मीरपासून अरुणाचलपर्यंतच्या हिमालयात. (काश्मीरच्या फोटोंमधलं प्रसिद्ध लाल झाड मात्र मेपल नव्हे, तो चिनार. पान दिसायला सारखं, कूळ वेगळं.)

त्या बियांच्या पाकिटाचं काय?

निळ्या पानांच्या मेपलपासून सुरुवात करू. असं झाड नाही. तो फोटो एडिट केलेला असतो. पाकिटात 'ब्लू मेपल' लिहिलं असेल तर बाकी काही तपासायची गरजच नाही.

लाल पानांच्या मेपलमध्येही मेख आहे. 'ब्लडगुड'सारखी नावाजलेली वाणं कलम करून वाढवतात. त्यांच्या बीपासून उगवलेलं रोप आईसारखं निघेलच असं नाही, जसं हापूसच्या कोयीपासून हापूस मिळण्याची खात्री नसते. शिवाय मेपलचं बी ओलसर ठेवून तीनेक महिने फ्रिजच्या तापमानात ठेवावं लागतं, तेव्हा कुठे ते रुजायला तयार होतं. पाकिटावर 'मातीत टाका, पाणी द्या' एवढंच लिहिलेलं असतं.

पाकीट परदेशातून येत असेल तर विषय पैशांपुरता राहत नाही. बियाणं आयात करायला २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाचे नियम लागू होतात, कारण बियांसोबत तण आणि रोग येऊ शकतात. २०२० मध्ये अनोळखी बियांची पाकिटं पोस्टाने येण्याचे प्रकार अनेक देशांत घडले, तेव्हा केंद्रीय कृषी मंत्रालयाने राज्यांना सावध केलं होतं. कापूस-सोयाबीनवर पोट असलेल्या जिल्ह्यात ही गोष्ट हलक्यात घेण्यासारखी नाही. असं पाकीट घरात आलं असेल तर परसात टाकू नका. देशातल्या विक्रेत्याने फसवलं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आपला 'ऑटम' शरदात नाही, शिशिरात येतो

शब्दकोशात ऑटमला शरद ऋतू म्हणतात आणि घोळ तिथेच सुरू होतो. आपला शरद म्हणजे ऑक्टोबर हीट. पाऊस नुकताच संपलेला, झाडं हिरवीगार. पानगळ येते शिशिरात, माघ-फाल्गुनाच्या सुमारास.

कारणही वेगळं आहे. थंड देशात पाणी गोठतं म्हणून झाड पानं टाकतं. आपल्याकडे पुढे पाणी मिळणार नाही म्हणून टाकतं. पानांतून सतत पाण्याची वाफ होत असते. उन्हाळ्याआधी पानंच उतरवली की खर्च थांबतो. झाडाने स्वतःच केलेलं हे लोडशेडिंग आहे. जिंतूरच्या डोंगरातला साग आणि पळस हेच करतात.

फक्त आपली बहुतेक झाडं पिवळी-तपकिरी होऊन गळतात, लाल होत नाहीत. पान गळण्याआधी झाड त्यातलं हरितद्रव्य मोडून उपयोगी घटक परत खोडाकडे ओढून घेतं. हिरवा रंग गेला की आधीपासून लपलेला पिवळा रंग दिसू लागतो. लाल रंगाचं तसं नाही. बहुतेक झाडांत तो शेवटच्या टप्प्यात नव्याने तयार होतो, पानात उरलेल्या साखरेपासून. म्हणून दिवसा निरभ्र ऊन आणि रात्री थंडी असेल तर लाल जास्त खुलतो. दिवसा साखर तयार होत राहते आणि थंड रात्री ती पानातून बाहेर जाण्याचा वेग मंदावतो.

निरभ्र ऊन आणि थंड रात्र. परभणीचा डिसेंबर-जानेवारी वेगळ्या शब्दांत सांगता येणार नाही.

मग ते झाड कोणतं?

देशी बदाम. शास्त्रीय नाव टर्मिनालिया कटाप्पा. सुका मेवा म्हणून आपण खातो त्या बदामाशी याचं नातं नाही, तो गुलाबाच्या कुळातला. हा आपल्या अर्जुन, हिरडा, बेहडा यांचा सख्खा भाऊ. फांद्या मजल्यांसारख्या एकावर एक आडव्या पसरतात. वीतभर लांब, रुंद, जाड पान. थंडी वाढू लागली की एकेक पान पिवळं, केशरी, तांबडं होत थेट वाइनसारखा गडद रंग घेतं. एकाच झाडावर हे सगळे रंग एका वेळी दिसतात, आणि फेब्रुवारीच्या सुमारास झाड रिकामं होऊन लगेच पोपटी कोंब काढतं.

फळाची कोय फोडून आतली छोटी गर खाण्यात कित्येकांच्या मधल्या सुट्ट्या गेल्या आहेत. वटवाघळांनाही हे फळ आवडतं, त्यामुळे न लावताही बदाम कुठेतरी उगवतो.

हे मुळात समुद्रकिनाऱ्याचं झाड आहे. याची कोय पाण्यावर तरंगत दूरवर जाते. म्हणजे खारट माती आणि वारा त्याला सवयीचे, पण मराठवाड्याचा कोरडा उन्हाळा सवयीचा नाही. मोठं झाड तो निभावतं. लहान रोपाला मात्र पहिले दोन उन्हाळे तुम्हालाच सांभाळावे लागतील. पाण्याची ती सोय होणार नसेल तर रोप लावू नये, हे आधीच सांगितलेलं बरं.

नर्सरीत नावावरून घोटाळा होतो. 'जंगली बदाम' हे नाव स्टर्क्युलिया फेटिडा नावाच्या दुसऱ्या झाडालाही आहे. त्याचं पान हाताच्या बोटांसारखं विभागलेलं असतं आणि फुलांना दुर्गंधी येते. घराजवळ ते नकोच. दुसरं म्हणजे हल्ली बंगले आणि लेआउटमध्ये मजल्या-मजल्यांचं एक नाजूक झाड खूप दिसतं. ते टर्मिनालिया मंटाली. त्याचं पान बोटाच्या पेराएवढं असतं. आपल्याला हवा आहे तो वीतभर, अखंड पानाचा बदाम.

काळ्या मातीत लावायचा कसा?

सर्वांत आधी जागा. बदाम आडवा पसरतो आणि मोठा होतो. घराच्या भिंतीपासून, कंपाउंडपासून आणि सेप्टिक टँकपासून किमान वीस-पंचवीस फूट जागा नसेल तर विचार सोडा. वर महावितरणच्या तारा असतील तरीही सोडा, नाहीतर दरवर्षी झाड मधोमध कापलं जाईल. तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर बदाम बसत नाही. शाळा, मंदिराचं आवार, ग्रामपंचायतीची मोकळी जागा, शेतातला आखाडा, सोसायटीची ओपन स्पेस इथे तो शोभतो. दिवसभर ऊन मिळालं पाहिजे. सावलीतल्या बदामाची पानं फिकी पिवळी होऊन गळतात.

खड्डा उन्हाळ्यात घ्या, दोन फूट लांब, रुंद आणि तेवढाच खोल. मे महिन्याचं ऊन त्याला लागू द्या. मग एक सोपी चाचणी: खड्डा पाण्याने भरा आणि दुसऱ्या दिवशी बघा. पाणी तसंच उभं असेल तर तिथे खड्ड्यात रोप लावणं म्हणजे त्याला हौदात उभं करणं. गोदाकाठच्या पाथरी, सोनपेठ, पूर्णा पट्ट्यातल्या भारी जमिनीत हे होऊ शकतं. अशा वेळी जमिनीच्या वर फूट-दीड फूट उंचवटा करून त्यावर लावा. गंगाखेड किंवा जिंतूरकडच्या मुरमाड माळावर अडचण उलटी असते. पाणी थांबतच नाही, म्हणून तिथे खड्डा मोठा घ्या आणि गाळाची माती, शेणखत जास्त घाला.

भरताना खड्ड्यातलीच माती, चांगलं कुजलेलं शेणखत दोन-तीन घमेली आणि भारी जमीन असेल तर थोडा मुरूम. कच्चं शेणखत घालू नका, त्यात हुमणी येते. खत जास्त म्हणजे झाड चांगलं हेही खरं नाही.

लावणी पहिल्या पावसाला घाईने करू नये. दोन-तीन चांगले पाऊस होऊन ओल खाली गेली की करावी. पिशवी फाडून काढा. मुळं पिशवीच्या तळाशी गोल फिरलेली असतील तर ती टोकं कापा, नाहीतर झाड मोठं झाल्यावर स्वतःच्याच मुळांत आवळलं जातं. पिशवीत माती जेवढ्या उंचीवर होती तेवढीच ठेवा, खोड मातीत गाडू नका. सोबत एक काठी आणि जनावरांपासून कुंपण.

रोप घरीही करता येतं. पिकून पडलेली ताजी फळं गोळा करा, कोय दिवसभर पाण्यात भिजवा आणि मोठ्या पिशवीत आडवी, इंचभर खोल पेरा. रुजायला महिना-दीड महिना लागू शकतो. सगळ्या रुजत नाहीत, म्हणून दहा पेरा.

आता सर्वांत महत्त्वाचं: भेगा. काळी माती सुकली की फाटते आणि कोवळी मुळं त्यात तुटतात. उन्हाळ्यात रोपं जातात त्यामागे पाण्याच्या कमतरतेइतकंच हे कारण असतं. यावर उपाय स्वस्त आहे, आच्छादन. सोयाबीनचा भुसा, उसाचं पाचट, वाळलेला पाला, जे असेल ते आळ्यात चार बोटं जाड पसरा. खोडाला मात्र चिकटू देऊ नका. पाणी रोज तांब्याभर देण्यापेक्षा भारी जमिनीत पाच-सात दिवसांनी पंधरा-वीस लिटर एकदम द्या, मुरमाड जमिनीत तीन-चार दिवसांनी. आळं खोडापासून थोडं लांब, गोल करा आणि दरवर्षी बाहेर सरकवा. मातीत चार बोटं खोल ओल लागत असेल तर त्या दिवशी पाणी देऊ नका.

पावसाळ्यात नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर घाबरू नका, युरियाही टाकू नका. चुनखडीच्या मातीत लोह असतं, पण मुळांना ते घेता येत नाही. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि थोडा लिंबाचा रस मिसळून संध्याकाळी पानांवर फवारा. आधी दोन-चार पानांवर करून बघा. आणि आळ्यात पाणी साचलंय का तेही बघा, साचलेल्या पाण्यानेही हीच खूण दिसते.

रंग येण्यासाठी काय करायचं?

करायचं कमी, थांबवायचं जास्त. दिवाळीनंतर नत्राचं खत पूर्ण बंद. नत्र मिळत राहिलं तर झाड कोवळी हिरवी पानं काढत बसतं आणि म्हातारी पानं रंगायला उशीर करतात. तीन-चार वर्षांच्या झाडाचं पाणीही डिसेंबरपासून निम्म्यावर आणा. पूर्ण तोडू नका, पान लाल होण्याआधीच वाळून पडेल. एक गोष्ट आपल्या हातात नसते: पथदिव्याला लागून असलेल्या फांद्यांची पानं इतरांपेक्षा जास्त दिवस हिरवी राहू शकतात, कारण झाडाला रात्र लांबल्याचं नीट कळत नाही. जागा निवडताना हायमास्टपासून लांब गेलेलं चांगलं.

छाटणीचा मोह आवरा. वरचा शेंडा कापला की मजल्यांचा आकार कायमचा गेला. खालचा मजला डोक्याला लागायला लागला तर तेवढाच, पानं गळल्यावर, फांदीच्या बुंध्याशी नीट कापा. आणि मोठं झाड तोडायचा विषय निघालाच तर शहरी भागात महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. झाड स्वतःच्या आवारातलं असलं तरी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. 'कचरा होतो' ही तक्रार घेऊन बदामावर सर्वांत आधी कुऱ्हाड येते, म्हणून हे माहीत असलेलं बरं.

कचऱ्याबद्दल तक्रार खोटी नाही. पान जाड असल्याने लवकर कुजत नाही आणि पन्हाळीत अडकलं तर पहिल्या पावसात पाणी तुंबतं. पण जाळण्यापेक्षा चुरून आच्छादनाला वापरा. गंमत म्हणजे हेच वाळलेलं पान मत्स्यालयवाले 'कटाप्पा लीफ' म्हणून विकत घेतात. फायटर माशाच्या पाण्यात ते टाकतात, त्यातल्या टॅनिनमुळे पाणी चहासारखं होतं आणि माशाला मानवतं. ज्या साइटवर मेपलच्या बिया मिळतात, तिथेच ही पानंही मोजून विकली जातात.

जागा कमी आहे किंवा बदाम नको असेल तर?

तामण बघा. महाराष्ट्राचं राज्यफूल. आकार आटोपशीर, उन्हाळ्यात जांभळी फुलं आणि गळण्याआधी पानं तांबूस होतात. बदामाइतका भडक रंग नाही आणि पाण्याचा हट्ट त्याच्यापेक्षा थोडा जास्त. कुंडीच हवी असेल तर पॉइनसेटिया. त्याची वरची पानं लांब रात्रींमुळे हिवाळ्यात लाल होतात. संध्याकाळनंतर त्यावर घरातला दिवा पडणार नाही एवढं बघा.

आणि ज्यांच्याकडे शेताचा बांध आहे, पंधरा वर्षं थांबायची तयारी आहे, त्यांनी कुसुम लावावा. याचा रंग उलट्या दिशेने येतो. जुनी पानं गळून फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी पालवी फुटते तीच लालभडक, लांबून झाडाला फुलं आल्यासारखी वाटावी अशी. ऊन तापू लागलं की ती हिरवी होते. लाखेच्या किड्यांसाठी हे झाड नावाजलेलं आहे, 'कुसुमी लाख' त्यावरचीच. वाढ संथ, पण सोटमूळ खोल जातं. खासगी नर्सरीत रोप मिळेलच असं नाही. सामाजिक वनीकरण किंवा वन विभागाच्या रोपवाटिकेत मे महिन्याच्या आधी चौकशी करा, पाऊस सुरू झाल्यावर गेलात तर बहुतेक रोपं लागवडीसाठी बाहेर पडलेली असतात.